शिंगाळ्याची अंडी

बरणी फुटली तेव्हा सयाजी नलवडे प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून मुलांच्या जर्नलांवर सह्या करत होता. काच फुटल्याचा आवाज फारसा मोठा झाला नाही. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षाकाठी दोन-चार बरण्या फुटायच्याच, त्याचं कुणी काही मनावर घेत नसे. पण काच शांत झाल्यावर दुसराच एक आवाज सुरू झाला. शहाबादी फरशीवर कुणी ओंजळभर ज्वारी ओतावी तसा बारीक, टणटणीत आवाज, आणि तो थांबेना. दाणे उड्या मारत होते. टेबलाखाली गेले, बेसिनखाली गेले, एक तर घरंगळत थेट त्याच्या खुर्चीच्या पायाशी आला आणि तिथं थांबला. सयाजीनं खाली न बघताच ओळखलं, की सत्तेचाळीस नंबरची बरणी गेली. तेरा वर्षं तो या आवाजाची वाट बघत होता असं काही नव्हे. पण ऐकल्यावर मात्र त्याला तसंच वाटलं.

विभागाचा शिपाई केरबा कपाट पुसत होता, त्याच्याच कोपराचा धक्का लागला होता. बरणीतल्या फॉर्मालिननं नाकाडोळ्यांना धार लागते म्हणून नाकातोंडाला टॉवेल गुंडाळून तो खराटा घेऊन आला. बावीस वर्षं कॉलेजसाठी शेताबांधावरचे बेडूक धरून आणणारा हा माणूस. जिवंत वस्तू कशी असते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. दाण्यांवरून तो पायताणानं इकडून तिकडं गेला, मग थबकला, पाय उचलून पायताणाचा तळ बघितला आणि म्हणाला, “अंडी म्हणायची आन् एकबी फुटंना की, सर.” केरबानं काचेनं फाटलेली ओली मलमलची पुरचुंडी उचलून झटकली, तर तिच्यातून सुपारीएवढा खडा पडला. “आन् ह्यो दगूड कशापायी घातलाय ह्यात?” वजनाला, सयाजी म्हणाला. केरबाला ते पटलं. सरांनी सांगितलं म्हणजे तसंच असणार, असा त्याचा सरळ स्वभाव होता. काड्यापेटीत मावतील तेवढे दाणे सयाजीनं नळाखाली धुऊन घेतले. उरलेले केरबानं बादलीभर पाणी मारून मागच्या गटारात लोटले. तिथून ते नाल्याला जाणार, नाल्यातून पंचगंगेला, पंचगंगेतून कृष्णेला. समुद्रातून आलेले पुन्हा समुद्रालाच, फक्त दुसऱ्या अंगाच्या. त्याला थांब म्हणता आलं असतं. पण थांब म्हटल्यावर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण इतकी वर्षं त्याच्या तोंडातच राहिलं होतं.

बरणीवरची चिठ्ठी केरबानं काचेपासून सोडवून टेबलावर आणून ठेवली. अक्षर सयाजीचंच, काळी शाई विटून तपकिरी झालेली. शिंगाळा, नर, मुखात अंडी सांभाळत असताना. मालवण, जानेवारी १९७१. त्या सहलीला चार मुली होत्या, आणि मुली आहेत म्हणजे बरोबर कुणीतरी बाईमाणूस हवं, असा प्राचार्यांचा दंडक. विभागप्रमुख दत्तोपंतांच्या पत्नीला गाडी लागायची. तेव्हा प्रात्यक्षिकं घेणारा सर्वांत धाकटा माणूस म्हणून सयाजीच्या नव्या नवरीवर ते काम आलं. झुंबर नेसरीची, शेतकऱ्याची मुलगी, लग्नाला महिना झालेला, हातावरची मेंदी अजून पुरती गेलेली नव्हती. कॉलेजच्या मुली तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान होत्या आणि तिला वहिनी म्हणायच्या, त्यामुळे ती लाजून चूर व्हायची. फोंडा घाट उतरून संध्याकाळी समुद्रासमोर उभं राहिल्यावर ती डोळे बारीक करून लांबवर बघत राहिली. मग हळूच त्याला म्हणाली होती, “ह्येचा पल्याडचा काठ कुठं हाय?” सयाजी तेव्हा हसला होता. त्याला स्वतःला तरी समुद्र कुठं ठाऊक होता? कोल्हापूरची माणसं ती. बेडूक, गांडूळ, झुरळ एवढ्यावर त्यांचं प्राणिशास्त्र चालायचं आणि समुद्र वर्षातून चार दिवस, बाकीचा पुस्तकात. दत्तोपंतांना माशांच्या शेकडो जाती तोंडपाठ होत्या, पण जन्मात एका माशाला त्यांचं बोट लागलं नव्हतं. नाकाला रुमाल लावून दहा हातांवरून ते शिकवायचे, आणि फार छान शिकवायचे.

कोळणीच्या पाटीतून घेतलेला तो मासा विचित्र होता. डोकं हे एवढं, मिशा लोंबलेल्या, आणि धड मात्र चाबकासारखं वाळलेलं. फाडायला म्हणून सयाजीनं तो उचलला आणि त्याचा काटा अंगठ्यात असा घुसला की हात खांद्यापर्यंत ठणकायला लागला. मुली वासानं आधीच मागं सरकलेल्या. तेव्हा झुंबरनं पदर खोचला. माहेरी ओढ्यातले मासे साफ करायचं काम तिचंच असे. ती विळीवर बसली आणि एका झटक्यात तिनं पोट उघडलं. आतून पांढुरके, गोल, साबुदाण्यासारखे दाणे ओघळले. अन्न नाही, शेवाळ नाही, दुसरं काहीच नाही, नुसते दाणे. दत्तोपंत दोन पावलं पुढं आले, एवढं तर ते कधीच येत नसत, आणि आनंदानं म्हणाले की हा शिंगाळ्याचा नर. या जातीत बाप अंडी तोंडात धरून ठेवतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत महिना-दोन महिने अन्नाचा कण घेत नाही. बघा किती वाळलाय. जाळ्यात सापडल्यावर घाबरून गिळली बिचाऱ्यानं. मुलींनी भराभरा लिहून घेतलं. पुस्तकात ती अंडी गोटीएवढी असतात असं लिहिलं होतं, हे सयाजीला आठवत होतं, त्यानं तसं म्हणूनही पाहिलं. अजून वाढायची असतील, दत्तोपंत म्हणाले, आणि विषय मिटला. झुंबरचा हात तेवढा विळीवर तसाच राहिला होता. तो बाप होता का, असं तिनं नवऱ्याला विचारलं. तोंडात लेकरं धरून उपाशी राहिलेला? सयाजी अंगठा चोखत हो म्हणाला. दुसरं तो काय म्हणणार होता? त्या संध्याकाळी ती वाळूत बसून समुद्राच्या पाण्यानं पुन्हापुन्हा हात धूत होती, आणि तो लांबून तिच्याकडे बघत होता. किती हळवी बायको मिळाली आपल्याला, असं वाटून त्याला बरंच वाटलं होतं.

कोल्हापूरला परतल्यावर त्यानं दाणे फॉर्मालिनमध्ये टाकले आणि ते वर आले. चमच्यानं खाली ढकलले, पुन्हा वर आले. अंडी फॉर्मालिनमध्ये बुडतात, पांढरीफटक होतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. सयाजी बराच वेळ बरणीकडे बघत बसला. मग त्यानं मलमलचा तुकडा आणला, दाणे बांधले, आत एक खडा घातला. पुरचुंडी तळाला जाऊन बसली आणि पातळ कापडातून दाणे छान दिसू लागले. तो काही खोटेपणा करतोय असं त्याला त्या वेळी वाटलं नव्हतं. नमुना नीट मांडणं हे त्याचं कामच होतं. पुढच्या वर्षी दत्तोपंतांनी त्या निरीक्षणावर एक टिपण लिहिलं, दोन नावांनी छापून आणलं, आणि दुसऱ्या नावाचा मनुष्य, म्हणजे सयाजी, प्रात्यक्षिकांतून सुटून व्याख्याता झाला. सत्काराच्या दिवशी झुंबरनं त्याला ओवाळलं. तोवर तिनं मासे खाणं सोडलं होतं. नुसतं सोडलं नव्हतं. दर शुक्रवारी संध्याकाळी ती कणीक भिजवायची, अगदी बारीक बारीक गोळ्या वळायची आणि शनिवारी सकाळी रंकाळ्यावर नेऊन माशांना घालायची. लोक घालतात त्या लिंबाएवढ्या. हिच्या साबुदाण्याएवढ्या, कारण तान्ह्या माशाच्याही तोंडात मावल्या पाहिजेत. हे कशासाठी, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि त्यालाही विचारायची गरज पडली नव्हती.

मग पंचाहत्तरची दिवाळी. उद्यमनगरात त्याच्या शाळेतल्या मित्राचं, सदाचं, वर्कशॉप होतं. सदानं नवं यंत्र घेतलं होतं, प्लास्टिकच्या बादल्या काढायचं, आणि त्याची पूजा होती. यंत्राशेजारी एक पोतं तोंड उघडं करून ठेवलेलं. फुलं वाहायला वाकताना सयाजीचा हात सहज त्या पोत्यात गेला, धान्याच्या पोत्यात जातो तसा. बोटांना ते दाणे लागले आणि अंगठ्यात जुना काटा हलल्यासारखं झालं. त्यानं एक उचलला, दोन बोटांत धरून दाबला. दबला नाही. हाच कच्चा माल, सदा कौतुकानं सांगत होता, दाणा म्हणतात याला, बोटीनं येतो, पोती फुटून कितीतरी समुद्रातच सांडतो. सयाजीनं पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सुट्टी असून तो कॉलेजात गेला, बरणी उघडली, पुरचुंडी सोडली आणि त्यातलाही एक दाणा तसाच दाबून पाहिला. मग ती पुन्हा बांधली, खड्यासकट. नंतर ग्रंथालयात बसून त्यानं परदेशी मासिकं चाळली तेव्हा एका कोपऱ्यात चार ओळी सापडल्या. समुद्रात असे दाणे तरंगू लागलेत. मासे आणि पाखरं ते दुसऱ्याची अंडी समजून गिळतात. पाण्यातलं तेल आणि विष या दाण्यांना चिकटून बसतं आणि पोटात गेल्यावर अंगात उतरतं. दाणे पचत नाहीत, पुढं सरकत नाहीत, पोट भरल्यासारखं राहतं, आणि तो जीव हळूहळू भुकेनं मरतो. चार ओळी त्यानं उभ्याउभ्याच वाचल्या आणि मासिक जागेवर ठेवलं. त्या दिवशी त्यानं घरी जाऊन सांगितलं असतं तर? हा प्रश्न पुढं त्यानं स्वतःला इतक्या वेळा विचारला की तो घासून गुळगुळीत झाला.

कारण त्यानंतर दोनच महिन्यांनी झुंबरचं पोट दिसू लागलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. ती कुणाला काही सांगायची नाही, पण चालणं बदललं होतं, घागर उचलायला ती शेजारणीला बोलवायची. जोतिबाच्या डोंगरावर चालत जाऊन गुलाल उधळून आली. चार महिने घरात असा उजेड होता की सयाजीला बरणीची आठवणही झाली नाही. मग दवाखाना, आणि डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की मूल नाही, गाठ आहे, मोठी आहे, पिशवीसकट काढावी लागेल. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं. तो चमच्यानं पाजत होता. तिसरा की चौथा चमचा घेऊन ती छताकडे बघत म्हणाली, “त्येची लेकरं म्या कापली. म्हणून आपली न्हाई झाली.” एवढंच. रडलीसुद्धा नाही. सयाजीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. अगं, ती लेकरं नव्हतीच. पण ती विचारणार, तुम्हाला कसं कळलं. मग विचारणार, कवा कळलं. टिपणावर आपलं नाव आहे, हेही त्याला त्या क्षणी आठवलं, बायकोच्या पोटावर ओले टाके असताना आठवलं, आणि या गोष्टीची लाज त्याला आजतागायत सोडून गेलेली नाही. त्यानं पुढचा चमचा भरला. नंतर तो स्वतःला समजावत राहिला की पाप तरी तिच्या हाताशी राहू दे. त्याला धरून ती शनिवारी रंकाळ्यावर जाते, तेवढं बाहेर पडते, तेवढं तिला बरं वाटतं. आपली सोय माणूस किती मायेनं दुसऱ्याच्या नावावर लावतो!

काड्यापेटी खिशात घालून तो घरी आला तेव्हा शुक्रवारच होता. झुंबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी परात घेऊन बसली होती. पस्तिशी ओलांडलेले तिचे हात पिठात चालले होते, अंगठा आणि पहिलं बोट, एक फिरकी की गोळी परातीत. अशा किती वळल्या असतील तिनं तेरा वर्षांत! त्यानं चहा घेतला. आज बरणी फुटली असं सांगितलं. कुणाला लागलं न्हाई न्हवं, तिनं विचारलं. नाही म्हणाला. कुठली फुटली हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. खिशात काड्यापेटी हलली की आतले दाणे वाजत. तो शक्य तितका न हलता बसून राहिला.

सकाळी तो तिच्याबरोबर निघाला तेव्हा तिला नवल वाटलं. एरवी शनिवारी तो झोपलेला असे. रंकाळ्यावर धुकं होतं, पलीकडं कुणी म्हशी पाण्यात घातल्या होत्या, तालमीतली दोन पोरं अंगाची माती वाळवत बसली होती. झुंबर घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसली, पितळी डबा उघडून मांडीवर घेतला. तिनं अजून काही टाकलं नव्हतं, तरी तिची सावली बघूनच मासे वर आले आणि पाण्याला तोंडं फुटली, लहान, मोठी, उघडी. एवढा विश्वास बघून सयाजीला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यानं काड्यापेटी काढून तिच्यापुढं धरली. मालवणची अंडी, तो म्हणाला. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, डोळे मिटून क्षणभर तशीच बसली. मग हलकेच पेटी सरकवून बघितली आणि त्याला परत दिली. हेही त्यानं होऊ दिलं आणि मगच बोलला. ही अंडी नाहीत, प्लास्टिक आहे, आपली न्हाणीतली बादली ज्याची आहे त्याचे दाणे, असं तो सांगत होता, आणि सांगताना दाणे दाखवायला पुढं केलेली उघडी पेटी उलटली आणि सगळे दाणे तिच्या डब्यात पडले. पांढऱ्यात पांढरे मिसळून गेले.

झुंबरनं डब्याकडे पाहिलं. “म्हंजे लेकरं न्हवती?”

“नव्हती.”

“मग त्यो वाळला कशानं?”

त्यानं सांगितलं. वर्गात सांगतो तसं सांगायला गेला, पण जमलं नाही. अन्न समजून गिळलं त्यानं. ते पचत नाही. पोट भरलेलं राहतं म्हणून भूक लागत नाही, खाल्लं तरी जागा नाही. तू कापला नसतास तरी तो मरणारच होता. तुझ्या हातून काही पाप झालं नाही, हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. त्याला वाटलं होतं की हे ऐकल्यावर तिच्या तोंडावरचं काहीतरी उतरेल, तेरा वर्षांचं. ती पाण्याकडे बघत होती.

“भरल्या पोटानं उपाशी हुता म्हणा की,” ती म्हणाली. तिचा एक हात आपोआप खाली, लुगड्याच्या निऱ्यांवर गेला होता, जिथं टाके होते तिथं. सयाजीनं मान वळवली.

मग तिनं डबा जवळ ओढला आणि तांदळातले खडे निवडावेत तशी निवडायला लागली. एकेक गोळी दोन बोटांत धरायची, दाबायची. दबली तर कणीक, ती पदरात. नाही दबली तर ती पायरीवर बाजूला. मासे तोंडं उघडून थांबले होते. ऊन पाण्यावर आलं, म्हशी बाहेर निघाल्या, तालमीतली पोरं उठून गेली. ती घाई करत नव्हती. एक दाणा तिच्या बोटांत दबेना, तो तिनं डोळ्यांपुढं धरला.

“एवढंच तर हुतं,” ती म्हणाली. “दाबून बघायचं.” आणि थोड्या वेळानं, वर न बघता, “तुमी दाबून बघितलं न्हवतं?”

“बघितलं होतं.”

“कवा?”

काल, असं त्याला म्हणता आलं असतं. काल बरणी फुटली, काल कळलं. शब्द लहान होता, सोयीचा होता, आणि तिनं तोही घेतला असता. त्यानं सांगितलेलं तिनं आजवर कधी नाकारलं नव्हतं. पाण्यात एवढी तोंडं उघडी होती.

“तुझ्या ऑपरेशनच्या आधी,” तो म्हणाला. “दिवाळीत.”

झुंबरची बोटं चालत राहिली, पण आता चुकायला लागली. कणकेची गोळी तिनं पायरीवर ठेवली, मग उचलली. डोळे भरून आल्यामुळे तिला दिसत नव्हतं. पदर गुंतलेला, पुसायचे कशानं, म्हणून ते तसेच वाहू दिले. अखेरीस तिनं डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

“मला दिसंना झालंय. तुमी बघा.”

सयाजीनं डब्यात हात घातला. एक गोळी घेतली, दाबली. मऊ होती. ती पाण्यात टाकायला त्यानं हात पुढं केला, तेव्हा झुंबरनं तो मध्येच धरला. त्याच्या बोटांतून तिनं ती गोळी काढून घेतली, आपल्या बोटांत घेऊन पुन्हा दाबून पाहिली, आणि मग पाण्यात टाकली. त्यानं दुसरी उचलली. तिनं ओंजळ पुढं केली.